राक्षसाची बाजू कोणी लिहायची?

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी तरुणांचा अभ्यासवर्ग भरतो. एकदा वर्ग संपल्यावर पोरांची भुताच्या सिनेमांवर चर्चा रंगली. त्यात एकाने विचारले, "दादा, फ्रँकेनस्टाईन म्हणजे तो डोक्याला टाके घातलेला राक्षसच ना?" आम्ही म्हणालो, "नाही. ते त्याला बनवणाऱ्या माणसाचं नाव." "मग राक्षसाचं नाव काय?" "त्याला नावच नाही. बनवणाऱ्याने ठेवलंच नाही." मागे बसलेली बारावीतली एक मुलगी पटकन बोलली, "आपल्या पणजोबांचं तरी काय वेगळं होतं? कचरू, दगडू, धोंडू. ही काय नावं झाली?"

शूद्राचे नाव निंदा सुचवणारे असावे, असे मनुस्मृती सांगते. हे आम्ही अनेकदा शिकवले आहे. पण त्या नियमाचा आणि एका इंग्रजी भयकथेचा संबंध त्या मुलीने जोडला. त्या रात्री आम्ही ती कादंबरी पुन्हा काढून बसलो, आणि त्यातून हा लेख झाला.

काही जण म्हणतील, भयकथा ही करमणूक आहे, तिथे जात-वर्ग कशाला शोधता? त्यांना आमचे उत्तर एवढेच की, आम्ही काही शोधायला गेलो नव्हतो. भयकथेतला राक्षस एकदा थेट ब्रिटिश संसदेत उभा केला गेला आणि लाखो गुलामांच्या स्वातंत्र्याविरुद्ध वापरला गेला. ही नोंदलेली गोष्ट आहे. ती पुढे सांगतोच. त्याआधी थोडा इतिहास.

कबरीतले रक्तपिपासू आणि दिवसाढवळ्याचे

व्हॅम्पायर म्हणजे रक्त पिणारे प्रेत. ही समजूत पूर्व युरोपातल्या खेड्यांत जुनीच होती. पण तो शब्द सगळ्या युरोपच्या तोंडी गेला तो १७२५ ते १७३२ या काळात. १७१८च्या तहाने सर्बियाचा उत्तर भाग ऑस्ट्रियाच्या ताब्यात आला होता. तिथल्या किसिल्येवो आणि मेद्वेजा या गावांत एकामागून एक माणसे मरू लागली. साथ आली की माणूस कारण शोधतो. गावाने कारण शोधले ते कबरीत. पेटार ब्लागोयेविच आणि आर्नोल्ड पाओल या मेलेल्या माणसांवर आळ आला. कबरी उकरल्या, प्रेतांच्या तोंडाशी रक्त दिसले, नखे वाढलेली दिसली. मग छातीत खुंटी ठोकून प्रेते जाळली. ऑस्ट्रियन लष्करी वैद्यांनी १७३२ साली यावर रीतसर अहवालही लिहिला आणि तो युरोपभर वाचला गेला.

यात चमत्कार काहीच नव्हता. कुजताना प्रेतात वायू साठतो, पोट फुगते, आतला लालसर द्रव तोंडानाकातून बाहेर येतो. कातडी आक्रसते म्हणून नखे लांब दिसतात. १७५५ साली सम्राज्ञी मारिया तेरेसाने आपला वैद्य गेरार्ड फान स्वीटेन याच्याकडून या प्रकाराची चौकशी करवली आणि कबरी उकरण्यावर बंदी घातली. अंधश्रद्धेविरुद्ध सरकारने कायद्याचा दंडा उगारल्याचे हे एक जुने उदाहरण. आपल्या महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायद्यासाठी २०१३ साल उजाडावे लागले आणि त्याआधी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जीव जावा लागला.

त्याच शतकात व्होल्तेरने एक मार्मिक टोला हाणला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, पॅरिस-लंडनमध्ये कबरीतले रक्तपिपासू कोणी पाहिले नाहीत, पण सट्टेबाज, करवसुली करणारे आणि व्यापारी लोकांचे रक्त दिवसाढवळ्या पितात, आणि खरे रक्तपिपासू तर राजाच्या आणि रयतेच्या जिवावर जेवणारे मठवासी आहेत. महात्मा फुल्यांचा वाचक हे वाचून हसल्याशिवाय राहणार नाही. पुढे १८६७ साली मार्क्सने 'भांडवल' या ग्रंथात हीच प्रतिमा वापरली. मजुराच्या जिवंत श्रमावर जगणारे मेलेले श्रम म्हणजे भांडवल, असे त्याचे विवेचन आहे. लक्षात घ्या, मार्क्सने रक्तपिपासू म्हटले ते व्यवस्थेला, एखाद्या माणसाला नाही. हा मुद्दा शेवटी कामाला येणार आहे.

म्हणजे राक्षस दोन प्रकारचे झाले. एक, वर बसलेल्या शोषकाला लोकांनी दिलेले नाव. दुसरा, खाली असलेल्या, वेगळ्या दिसणाऱ्या, परक्या माणसाला वरच्यांनी दिलेले नाव. पुढच्या दोनशे वर्षांचे भयसाहित्य या दोन टोकांमध्ये फिरते.

१८१६चा उन्हाळा

पडके किल्ले, तळघरे, वादळी रात्री, शापित घराणी असा मसाला असलेल्या कथांना 'गॉथिक' म्हणतात. १७६४ साली होरेस वॉलपोलच्या 'द कॅसल ऑफ ओत्रांतो'पासून त्यांची सुरुवात मानली जाते. पण आज आपण ओळखतो ते दोन राक्षस जन्मले १८१६ साली, स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराकाठी. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता. त्याच्या राखेमुळे युरोपात त्या वर्षी उन्हाळा पडलाच नाही. पिके बुडाली, गरिबांवर उपासमार आली. आणि सरोवराकाठच्या बंगल्यात लॉर्ड बायरन, कवी शेली, अठरा वर्षांची मेरी आणि बायरनचा तरुण वैद्य पोलिदोरी पावसाने घरात अडकून एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगत बसले. बाहेर दुष्काळ आणि आत गोष्टींची पैज, हा विरोधाभासही ध्यानात ठेवावा.

पोलिदोरी हा बायरनचा पगारी माणूस. त्याने पुढे 'द व्हॅम्पायर' ही कथा लिहिली. तिच्यातला लॉर्ड रुथव्हेन रुबाबदार, थंड नजरेचा, समाजात मानाने वावरणारा उमराव आहे आणि तोच रक्त पितो. नोकराने मालकाच्या वर्गाचे चित्र काढले ते असे. पण १८१९ साली ती कथा मासिकात छापून आली ती बायरनच्या नावावर! पोलिदोरीने तक्रार केली, बायरननेही ती आपली नसल्याचे सांगितले, तरी लोक कितीतरी काळ ती बायरनचीच समजत राहिले. पोलिदोरी १८२१ साली वयाच्या पंचविसाव्या वर्षी वारला. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही रीत आपल्याला कोणी वेगळी समजावून सांगायला नको.

मेरीची आई मेरी वोलस्टोनक्राफ्ट ही स्त्रीहक्कांची आद्य पुरस्कर्ती. मेरीला जन्म दिल्यावर थोड्याच दिवसांत ती गेली. वडील विल्यम गॉडविन राजकीय विचारवंत. या मेरीने लिहिलेली 'फ्रँकेनस्टाईन' १८१८ साली छापली गेली, तीही लेखिकेच्या नावाशिवाय.

रात्री राबणारा, दिवसा नकोसा

सिनेमा बाजूला ठेवा आणि कादंबरीतली गोष्ट ऐका. व्हिक्टर फ्रँकेनस्टाईन नावाचा विद्यार्थी प्रेतांचे तुकडे जोडून एक जीव उभा करतो. तो जीव डोळे उघडतो, आणि त्याचे रूप पाहून बनवणारा पळून जातो. रात्री तो जीव त्याच्या पलंगापाशी येऊन हात पुढे करतो, तर हा पुन्हा पळतो. त्या जीवाने अजून काहीही केलेले नाही. त्याचा गुन्हा एकच, तो दिसतो.

तो एका खेड्यात शिरतो, लोक दगड मारून हाकलतात. मग तो एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपतो आणि भिंतीच्या फटीतून त्यांचे जगणे पाहतो. सुरुवातीला तो त्यांचे अन्न चोरून खात असतो. तीही माणसे गरीब आहेत हे कळल्यावर चोरी थांबवतो, आणि रात्री जंगलातून सरपण आणून त्यांच्या दारात ठेवू लागतो, वाटेवरचे बर्फ काढू लागतो. सकाळी घरच्यांना वाटते, कोणी भला आत्मा आपले काम करून जातो. काम हवे आहे, काम करणारा दिसायला नको! गावकीची कामे करून गावाबाहेर राहणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही झोपडी पाहताच ओळखू आली असती.

त्याच फटीतून तो भाषा शिकतो. घरातला तरुण फेलिक्स एका परदेशी मुलीला शिकवत असतो, हा भिंतीपलीकडून ऐकून शिकतो. त्यात राज्यांच्या उदयास्ताचा इतिहास असतो, आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचे काय झाले हे ऐकून तो रडतो. संपत्ती, कूळ आणि उच्च रक्त यांवाचून माणसाला किंमत नाही हे त्याला कळते. वर्गाबाहेर बसून शाळा शिकलेल्या पिढीचे आपण वारस आहोत. हे वाचताना आम्ही पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवले.

शेवटी तो धीर करून घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलतो. म्हातारा त्याच्याशी माणसासारखे बोलतो, कारण त्याला याचे रूप दिसत नाही, फक्त म्हणणे ऐकू येते. तेवढ्यात डोळस मुलगा येतो आणि काठीने मारतो. पुढे तो नदीत बुडणाऱ्या मुलीला वाचवतो, तर बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळते.

यानंतर तो सूडाला पेटतो. व्हिक्टरच्या लहान भावाला मारतो, मित्राला मारतो, लग्नाच्या रात्री बायकोला मारतो. मुलाच्या खुनाचा आळ त्या घरच्या गरीब मोलकरणीवर, जस्टिनवर येतो आणि ती निर्दोष असूनही फाशी जाते. हे आम्ही लपवणार नाही. निरपराध मुलाला मारणे हे कोणत्याही अन्यायाचे उत्तर असू शकत नाही. पण लेखिका त्या खुन्यालाही आपली बाजू मांडू देते. कादंबरीच्या मधोमध सलग सहा प्रकरणे तो स्वतः बोलतो, निर्मात्याला जाब विचारतो. वाचक हादरतो तो त्याच्या खुनांपेक्षा त्याच्या युक्तिवादाने.

या पुस्तकातही एक जीव असा आहे ज्याला एक शब्दही मिळत नाही. त्या जीवाने स्वतःसाठी सोबतीण मागितलेली असते. व्हिक्टर ती घडवायला घेतो, आणि यांची प्रजा वाढली तर काय, या भीतीने तिने डोळे उघडण्याआधीच तिला फाडून टाकतो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जातीबाहेर लग्न होऊ न देणे हा जातीचा प्राण आहे आणि त्यासाठी सगळे जाच बाईवर लादले जातात, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. कोणाची प्रजा वाढावी हे ठरवायचे असेल तर पहिला घाव बाईवर पडतो, तिथेही आणि इथेही.

संसदेत पोहोचलेला राक्षस

आता ती संसदेची गोष्ट. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ साली कायद्याने बंद केला होता, पण वसाहतींमधली गुलामी चालूच होती. ऑगस्ट १८२३मध्ये आजच्या गयानातल्या डेमेरारा इथे हजारो गुलाम उठले. उठाव चिरडला गेला, शेकडो मारले गेले. ब्रिटनमध्ये गुलामी ताबडतोब संपवा अशी मागणी जोर धरू लागली. १६ मार्च १८२४ रोजी परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग संसदेत उभा राहिला. त्याच्या बोलण्याचा सारांश असा : या काळ्या माणसाला शरीर पुरुषाचे आहे पण बुद्धी मुलाची आहे, त्याला एकदम मोकळे करणे म्हणजे अलीकडच्या एका कादंबरीतल्यासारखा प्राणी उभा करणे, ज्याला बनवणारा नंतर आवरू शकत नाही. सभागृहाला कादंबरीचे नाव सांगायची गरज पडली नाही.

हा डाव कसा खेळला गेला ते पाहा. कादंबरीतला जीव म्हणतो, मला माणसासारखे वागवले असते तर मी माणूस झालो असतो. मंत्री त्याच कादंबरीतून उलटा धडा काढतो की, याला मोकळे करू नका, हा राक्षस आहे. हे जमले कसे? त्या जीवाची सहा प्रकरणे गाळून! बोलणारा राक्षस बाजूला ठेवला आणि फक्त त्याचे धिप्पाड अंग सभागृहापुढे उभे केले.

अजून तयार नाहीत, आधी लायक होऊ द्या, हळूहळू देऊ, हा युक्तिवाद आपल्या कानांना नवा आहे का? मंदिरप्रवेशापासून राखीव जागांपर्यंत प्रत्येक वेळी तो ऐकवला गेला. शेवटी १८३३ साली गुलामी रद्द करण्याचा कायदा झाला, तेव्हा दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली गेली ती मालकांना. गुलामांना छदामही नाही, उलट 'उमेदवारी'च्या नावाखाली १८३८पर्यंत त्याच मळ्यांत राबावे लागले.

रंगभूमीनेही तेच केले. १८२३ साली लंडनमध्ये या कादंबरीवर नाटक आले. त्यात त्या जीवाला मुका करून टाकले होते. १९३१ साली हॉलिवूडचा प्रसिद्ध सिनेमा आला, बोरिस कार्लोफ राक्षस झाला. तोही मुका, फक्त गुरगुरणारा. शिवाय सिनेमाने एक नवीन गोष्ट घुसडली : त्याच्या डोक्यात चुकून गुन्हेगाराचा मेंदू बसवला जातो. मूळ पुस्तकात असे काही नाही. तिथे तो वागणुकीमुळे बिघडतो, इथे तो घडतानाच बिघडलेला आहे. म्हणजे व्यवस्था सुटली आणि दोष त्याच्या डोक्यावर आला.

जन्मजात गुन्हेगार ही कल्पना फक्त सिनेमात राहिली असती तर आम्ही हसून सोडून दिली असती. पण इंग्रज सरकारने भारतात १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमातींचे मूल जन्मताच पोलिसांच्या वहीत गुन्हेगार ठरले. सोलापूरला तारेच्या कुंपणाआडची सेटलमेंट उभी राहिली. तो कायदा रद्द होऊन ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, तरी शिक्का अजून पुसलेला नाही. कुठे चोरी झाली की पहिली धाड कोणाच्या पालावर पडते, हे कार्यकर्त्यांना सांगायला नको.

ड्रॅक्युला : एकतर्फी खटला

१८९७ साली ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' आली. पोलिदोरीचा रक्तपिपासू लंडनच्या उच्च समाजातलाच होता. स्टोकरचा पूर्वेकडून येणारा परका आहे. तो मातीचे खोके घेऊन लंडनला येतो, जागा विकत घेतो, आणि 'आपल्या' बायकांचे रक्त नासवतो. त्या काळात पूर्व युरोपातले गरीब ज्यू लंडनच्या ईस्ट एंड भागात येत होते आणि परक्यांविरुद्ध ओरड वाढत होती. १९०५ साली ब्रिटनने परक्यांना रोखणारा कायदाही केला. ज्यू ख्रिस्ती मुलांचे रक्त काढतात ही अफवा तर युरोपात बाराव्या शतकापासून चालत आलेली आणि तिच्यापायी असंख्य ज्यू मारले गेलेले. रक्ताच्या गोष्टीला रक्ताचाच इतिहास आहे.

या कादंबरीची रचना बघण्यासारखी आहे. ती सगळी डायऱ्या, पत्रे, कात्रणे आणि तारांमधून सांगितली आहे. लिहिणारे जवळपास सगळे ड्रॅक्युलाचे शत्रू. त्याचे जे बोलणे आपल्यापर्यंत येते तेही दुसऱ्याच्या डायरीतून. तो दुष्ट नव्हता असे आमचे म्हणणे नाही. पण शेवटी पुस्तक स्वतःच कबूल करते की पुराव्यादाखल मूळ कागद जवळपास उरलेला नाही, फक्त टाइप केलेल्या प्रती आहेत. वादीनेच लिहिलेला, वादीनेच टाइप केलेला आणि वादीनेच निकाल दिलेला हा खटला आहे. त्यात मीना हे पात्र ड्रॅक्युलाला गुन्हेगारी जातकुळीचा ठरवते आणि त्यासाठी लोंब्रोसोचा दाखला देते. चेहऱ्या-कवटीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असे १८७६ साली मांडणारा इटालियन तो हाच.

बायकांचे काय? लूसीला एकाच दिवशी तिघांकडून मागणी येते, आणि तिघांशीही लग्न करता आले असते तर, असे ती मैत्रिणीला लिहून जाते. पुढे ती व्हॅम्पायर होते आणि तिच्या छातीत खुंटी ठोकायचे काम तिच्या होणाऱ्या नवऱ्याकडे येते. घराण्याच्या अब्रूसाठी मुलीला मारणाऱ्यांच्या बातम्या आपण वाचतो. ती खुंटी आपल्या ओळखीची आहे.

ड्रॅक्युलाचे खोके वाहणारे, त्याच्यासाठी सुरे उपसणारे कोण? तर रोमा, ज्यांना युरोप जिप्सी म्हणून हिणवतो. यांचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून गेले. त्यांची भाषा आजही आपल्या भाषांची बहीण आहे. ट्रान्सिल्व्हेनियाला लागून असलेल्या वालाखिया आणि मोल्दाविया या प्रांतांत हे लोक शतकानुशतके गुलाम होते. जमीनदार आणि मठ त्यांची खरेदी-विक्री करत. १८५५-५६ साली ते सुटले. म्हणजे स्टोकरने लिहायला घेतले तेव्हा गुलामीत जन्मलेले रोमा जिवंत होते. ज्यांचे रक्त उमरावांनी खरोखर प्यायले, ते कादंबरीत रक्तपिपाशाचे हमाल झाले!

आपल्याकडचे राक्षस

१८७० साली रिचर्ड बर्टन या इंग्रजाने वेताळपंचविशीच्या गोष्टी इंग्रजीत आणल्या आणि शीर्षकात वेताळाला 'व्हॅम्पायर' करून टाकले. आपल्याकडे वेताळ हा गावाबाहेर शेंदूर लावून बसवलेला गावराखणा. गोव्यात आमोणे, लोलये अशा गावांत त्याच्या मूर्ती आणि देवळे आहेत. बहुजनांचा राखणदार एका भाषांतरात रक्तपिपासू झाला.

पण बर्टनच्याही कितीतरी आधी हे काम इथल्याच लेखणीने केले होते. त्याच्यानंतर तीन वर्षांनी, १८७३ साली, महात्मा फुल्यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले. ते त्यांनी अर्पण केले अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. त्यात ते पुराणांची उलटतपासणी करतात. हिरण्यकश्यपू, बळी हे दैत्य कोणी ठरवले? रक्षण करणाऱ्यांना राक्षस कोणी केले? फुल्यांच्या व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसाला उतरतात का, यावर वाद घालता येईल. पण त्यांचा प्रश्न अजून कोणाला खोडता आलेला नाही : पुराण लिहिणारा कोण, आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याची बाजू कुठे आहे?

आपल्याकडे भुतांनाही जात-धर्म आहे. मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला ब्राह्मण मुलगा म्हणजे मुंजा, मुसलमानाचे भूत म्हणजे खवीस, बाळंतपणात मेलेली बाई म्हणजे हडळ. ब्राह्मण मेला तरी ब्रह्मसमंध म्हणून वरच्याच पायरीवर. स्मशान वेगळे असलेल्या समाजाची भुतेही वेगवेगळी असणारच. आणि हा खेळ गोष्टींपुरता नाही. आजही नंदुरबारच्या पट्ट्यात एखाद्या विधवेला, जमिनीची वारस असलेल्या बाईला डाकीण ठरवून छळले जाते. साथ आली की प्रेत उकरणारे गाव आणि ताप आला की बाई शोधणारे गाव, दोघांची रीत एकच. फरक इतकाच की बाई जिवंत असते.

म्हणूनच ज्याला राक्षस ठरवले त्याने बोलणे ही साधी गोष्ट नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी मागितले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. नावातच सगळे आले. पुढे दया पवारांनी 'बलुतं' लिहिले, त्यातला निवेदक दगडूशी बोलतो, दगडू म्हणजे तोच. बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं' लिहिले. लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' लिहिले, जो शिक्का जमातीवर मारला गेला तोच पुस्तकाच्या कपाळावर लावून. कॅनिंगने गाळलेली ती सहा प्रकरणे आपल्या लेखकांनी अशी परत मिळवली.

मग आपण काय करायचे?

इथे चळवळीतल्या मित्रांशी थोडे भांडायचे आहे. हल्ली एक सोपा मार्ग दिसतो : त्यांचा राक्षस तो आमचा देव. त्यांची पूजा बंद, आमच्या असुराची आरती सुरू. बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या त्या नवी आरती रचण्यासाठी नाहीत. वेताळाचे काय केले गेले हे आम्हाला समजून घ्यायचे आहे, वेताळाला पुन्हा शेंदूर लावायचा नाही.

दुसरा मार्ग त्याहून सोपा : समोरच्यालाच राक्षस म्हणायचे. समाजमाध्यमांवर आपलीच पोरे अख्ख्या जातीला रक्तपिपासू म्हणून मोकळी होतात. राग खरा आहे, पण हत्यार कॅनिंगचे आहे. मार्क्सने रक्तपिपासू म्हटले ते भांडवलाला. बाबासाहेबांचे वैर ब्राह्मण्याशी होते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. बाबासाहेबांनी माणसाला खुंटी ठोकली नाही, पुस्तकाला आग लावली.

आणि तथागतांचा मार्ग तर याच्याही पुढे जातो. अंगुलिमाल हा त्या काळचा खरा राक्षस. माणसे मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा. गावे ओस पडली होती. राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याच्या बंदोबस्ताला निघाला होता. बुद्ध त्याच्याकडे एकटे गेले आणि त्याच्याशी बोलले. राजा पोहोचला तेव्हा अंगुलिमाल चीवर घालून बुद्धांजवळ बसलेला होता. पण गोष्ट तिथे संपत नाही. भिक्षेला गेला की लोक त्याला ढेकळे मारत, तो रक्तबंबाळ होऊन परत येई, आणि बुद्ध त्याला ते सोसायला सांगत. केलेल्या कर्माची जबाबदारी माफ झाली नाही, पण माणूस होण्याचा दरवाजा बंद झाला नाही. बाबासाहेबांनी हा प्रसंग 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतला आहे, पतितांच्या धम्मदीक्षेच्या भागात.

व्हिक्टर फ्रँकेनस्टाईनने फक्त एवढे करायचे होते : त्या पहिल्या रात्री पुढे आलेला हात पाहून थांबायचे होते.

तेव्हा पुढच्या वेळी सिनेमागृहात दिवे गेले आणि पडद्यावर कोणी दात विचकत आला की घाबरा, मजाही घ्या. पण बाहेर पडताना तीन प्रश्न विचारा. याला राक्षस कोणी ठरवले? याला बोलू दिले का? आणि याच्या भीतीचा फायदा कोणाला होतो? अभ्यासवर्गातल्या त्या मुलीला आम्ही 'गुलामगिरी' आणि 'फ्रँकेनस्टाईन' दोन्ही वाचायला दिली आहेत. पुढच्या रविवारी ती बोलणार आहे आणि आम्ही ऐकणार आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!